आता निघायलाच हवा!

परवा भाचा भेटला तो तोंड पाडूनच. पोकेमॉनमध्ये 'शायनी' शोधतोय म्हणे. शायनी म्हणजे प्राणी तोच, रंग तेवढा निराळा. रंगामुळे ताकद वाढत नाही. ही गंमत १९९९ साली गोल्ड आणि सिल्व्हर या खेळांत आली. तेव्हा शायनी भेटायची शक्यता ८१९२ मध्ये एक होती. २०१३ च्या एक्स आणि वायपासून ती ४०९६ मध्ये एक झाली.

"मामा, चार हजार झाले. आता निघायलाच हवा!"

इथेच तर घोळ आहे. खेळाला मागचं काही आठवत नाही. दरवेळी फासा नव्याने पडतो. गणित केलं तर ४०९६ भेटींनंतरही शंभरातले साधारण ३७ जण रिकाम्या हातानेच राहतात. आणि त्यांची पुढची संधी आत्ता खेळायला बसलेल्याइतकीच!

मग खेळानेच हमी का देऊ नये? गोल्ड-सिल्व्हरमधला लाल ग्याराडोस प्रत्येकाला हमखास भेटतो. पण तो मिळाला म्हणून कोणी बढाई मारत नाही. बाकीच्या शायनींची सगळी किंमत हमी नसण्यातच आहे.

म्हणून माझं मत असं, की शायनी जरूर शोधावा. पण गवतात फिरायला अजून मजा येते म्हणून, गेलेले तास वसूल करायला नव्हे. ते तास गेले ते गेलेच.

भाच्याला हे सगळं ऐकवलं. कोणीतरी मलाही हे भाच्याच्या वयात ऐकवायला हवं होतं. असो.