विश्लेषण : खडीवरची मोटार रॅली ऐनवेळी रद्द का होते? तळोज्यात अशी रॅली घेणे कितपत शक्य?

२१ सप्टेंबर २०१९. राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद स्पर्धेची फेरी सुरू होती. शर्यतीसाठी बंद केलेल्या रस्त्यावर एक दुचाकी आली आणि भरधाव रॅली कारची तिला धडक बसली. दुचाकीवरील पती, पत्नी आणि त्यांचा मुलगा असे तिघेही मृत्युमुखी पडले. कार चालवत होता गौरव गिल. मोटरस्पोर्टमधील पहिला अर्जुन पुरस्कार त्याला जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी मिळाला होता. सहचालकही जखमी झाला. रॅली तिथेच थांबवण्यात आली, गुन्हा दाखल झाला.

एखादी रॅली सुरू होण्याआधीच रद्द झाली की चाहते हळहळतात, ‘परवानग्यांचा खेळखंडोबा’ म्हणून सरकारी कार्यालयांना बोल लावतात. त्या वेळी बाडमेरची ही घटना आठवायला हवी. कारण रॅलीत सगळ्यात अवघड काम गाडी पळवण्याचे नसते, रस्ता रिकामा ठेवण्याचे असते.

रॅली म्हणजे सर्किटवरची शर्यत नव्हे

सर्किटला कुंपण असते, प्रवेशद्वार असते. रॅली चालते ती गावातल्या, जंगलातल्या, शेताकडेच्या रोजच्या रस्त्यांवर. त्यातले काही तुकडे ठरावीक तासांसाठी बंद करून तिथे वेळ मोजली जाते. या तुकड्यांना ‘स्पेशल स्टेज’ म्हणतात. एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजकडे जाताना मात्र याच गाड्यांना नंबरप्लेटसह, वाहतुकीचे नियम पाळत जावे लागते.

स्टेजवर गाड्या एकत्र धावत नाहीत. एक किंवा दोन मिनिटांच्या अंतराने एकेक सोडली जाते. धूळ खाली बसत नसेल तर हे अंतर वाढवतात. पहिल्या स्पर्धकाआधी ‘झिरो कार’ जाऊन रस्ता मोकळा असल्याची खात्री करते, शेवटी ‘स्वीपर’ येते. या दोन गाड्यांच्या मधल्या काळात प्रत्येक फाटा, प्रत्येक पायवाट अडवून धरायची जबाबदारी मार्शलांची. वीस किलोमीटरच्या स्टेजला फाटे किती फुटतात, हे कोकणातल्या कोणालाही विचारा.

त्यात खडी-मुरूम. कोरड्या डांबरावर ताशी १०० किलोमीटर वेगातली गाडी ब्रेक दाबल्यावर साधारण ५५ ते ६० मीटरमध्ये थांबते. सुट्या खडीवर टायरची पकड निम्म्याच्या आसपास येते आणि तेच अंतर १०० मीटरच्या घरात जाते. हा ढोबळ हिशेब आहे, चालकाच्या प्रतिक्रियेचा वेळ त्यात धरलेला नाही. म्हणजे वळणापलीकडे दुचाकी, गाय किंवा सरपणाची मोळी घेतलेली बाई दिसली तर चालकाच्या कौशल्याने फारसे काही साधत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १८९. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणे गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शर्यतींचे नियमन करणाऱ्या मोटरस्पोर्ट महासंघाचा परवाना वेगळा. तो हाती असला म्हणजे रस्ता मिळाला, असे होत नाही.

‘सार्वजनिक ठिकाण’ ही व्याख्याही रुंद आहे. लोकांना जिथे जायचा हक्क आहे अशी कुठलीही वाट त्यात येते, मग ती डांबरी असो वा कच्ची.

हेच गणित तळोज्यात मांडले तर?

कागदावर जागा मोहात पाडणारी आहे. मुंबईपासून जवळ, बाजूला डोंगर, मुरमाचे रस्ते. पण रस्ता कोणाचा, इथूनच गुंता सुरू होतो. औद्योगिक वसाहतीतला रस्ता एमआयडीसीचा, नोडमधला सिडकोने आखलेला, २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेची हद्द वेगळी, तिच्याबाहेर ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद, डोंगराकडे वन विभाग. तळोजा नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येते. स्टेज खालापूरकडे वळवली की रायगड पोलीस. माथेरानच्या बाजूला सरकलात तर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचे नियम. यातल्या एकाने जरी आदल्या दिवशी ‘नाही’ म्हटले, तरी सगळे मुसळ केरात.

रस्त्यावरून जाते काय, हा त्याहून मोठा प्रश्न. कारखान्यांचे टँकर, कंटेनर, डंपर, पाळी सुटलेले कामगार, वाड्या-पाड्यांवरून शाळेला निघालेली मुले. बारवीचा टँकर थांबवता येईल, बाळंतिणीची रुग्णवाहिका थांबवता येणार नाही. पोलीस ठाण्याची परवानगी मिळवायला आयोजक महिने घालवतात. वाडीवरच्या लोकांना अनेकदा आदल्या दिवशी लाउडस्पीकरवरून कळते, हा क्रम उलटा हवा. रस्ता ज्यांचा रोजचा आहे त्यांची संमती फाइलमधला शेवटचा कागद असू नये. लोकांनीच ‘आज बंद’ मान्य केले नसेल तर शिट्टी वाजवणारा एक मार्शल काय करणार?

मोठ्या स्पर्धाही थांबतात

२००८ची डकार रॅली लिस्बनहून सुटायच्या आदल्या दिवशी, ४ जानेवारीला रद्द झाली. मॉरिटानियात चार फ्रेंच पर्यटकांची हत्या झाली होती आणि रॅलीलाही धमक्या होत्या. पुढच्या वर्षी डकार थेट दक्षिण अमेरिकेत गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये जागतिक मालिकेतली शेवटची फेरी, रॅली ऑस्ट्रेलिया, वणव्यांमुळे रद्द झाली आणि ह्युंदाईला उत्पादकांचे विजेतेपद गाडी न पळवताच मिळाले. दोन्हीकडे कोट्यवधींचा खर्च आधीच झालेला होता.

मग वेगाची हौस जाणार कुठे?

रॅली रद्द झाली म्हणून हौस संपत नाही. नवी मुंबईत पाम बीच रस्त्यावर रात्री काय चालते ते सर्वांना ठाऊक आहे. तिथे ना झिरो कार, ना मार्शल, ना रुग्णवाहिका. मधला मार्ग आहे ऑटोक्रॉसचा : बंदिस्त मैदानावर मातीचा आखीव ट्रॅक, वेळ मोजून धावणाऱ्या मोजक्या गाड्या. जागेचा मालक एकच, फाटक एकच. तरीही बंदोबस्त, रुग्णवाहिका आणि आग विझवण्याची सोय लागतेच, पण कोणाच्या घरची वाट अडत नाही. सिडको आणि एमआयडीसीने आपल्या रिकाम्या भूखंडांपैकी एखादा रविवारपुरता भाड्याने देण्याचा दर आणि अटी जाहीर केल्या, तर आयोजकांना सहा कार्यालयांऐवजी एकाच खिडकीवर अर्ज करता येईल.