एकत्र शिकण्याची निकड

प्राथमिक आरोग्यसेवा ही डॉक्टर, परिचारिका, सुईण आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्ते यांनी संघभावनेने पार पाडावयाची गोष्ट असून तदनुरूप शिक्षण त्यांस मिळाले पाहिजे, हे १९७८ च्या आल्मा-आटा घोषणापत्राने निःसंदिग्धपणे सांगितले असतानाही, आपल्याकडे वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रशिक्षण निराळे, आरोग्यसेविकेचे निराळे आणि आशा सेविकेचे त्याहून निराळे, असाच शिरस्ता बहुतांशी चालू आहे. परिणामी एकाच गर्भवतीची नोंद तिघांच्या दप्तरी असते. परंतु तिचा रक्तदाब वाढला असता कोणी कोणास किती त्वरेने कळवावे, याचा विचार तिघांनी एकत्र बसून क्वचितच केलेला असतो.

याउलट जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचे उदाहरण आमच्या मते आजही अनुकरणीय आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली आरंभिलेल्या त्या प्रकल्पात गावोगावच्या, बहुधा निरक्षर अशा स्त्रिया दर आठवड्यास केंद्रावर येत, पाहिलेले रुग्ण व आलेल्या अडचणी कथन करीत, आणि त्यांतूनच पुढील पाठ सिद्ध होत असे. तेथे डॉक्टरही शिकत होते, आणि हेच आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. कारण गावातील पाणी, उपासमार आणि अंधश्रद्धा यांची खरी माहिती त्या स्त्रियांपाशीच होती.

जिल्हा परिषदांस आमची आग्रहाची विनंती आहे की, प्रत्येक आरोग्य केंद्रात दरमहा एक दिवस अशा संयुक्त अध्ययनासाठी राखून ठेवावा आणि त्या दिवसाचा भत्ता आशा सेविकांसही विनाविलंब अदा करावा.