हलगी कुणाच्या हाकेला?

गोदीत रात्रपाळी असली की जेवणाच्या सुट्टीत आम्ही चारपाचजण पोत्यांना टेकून मोबाईलवर गाणी लावतो. असंच एकदा एकानं बॅड बनी लावला. हा पोर्तो रिकोचा गायक. त्याचा अल्बम 5 जानेवारी 2025 ला आला. भाषा स्पॅनिश, एक अक्षर कळत नव्हतं. पण ‘काफे कोन रोन’ नावाच्या गाण्यात चामडं कडाडलं आणि माझा हात आपोआप मांडीवर पडला. च्यायला, ही तर आमच्या केज तालुक्यातली हलगी!

हलगी नव्हती. पांदेरेता होती. गोल लाकडी कडं, त्यावर ताणलेलं कातडं. आपण काडीनं वाजवतो, ते हातानं. त्या गाण्याचा प्रकार प्लेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोन्से शहराच्या काळ्या कष्टकरी वस्त्यांत तो वाढला. वस्तीतली भांडणं, संप, मालकाची लबाडी, सगळं त्या गाण्यात. तिथले लोक त्याला गायलेलं वर्तमानपत्र म्हणतात. म्हणजे आपला जलसाच की!

आता हे गाणं दुकानात कुठं ठेवायचे, ते ऐका. 1987 साली लंडनच्या एका गुत्त्यात छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं बसली. आफ्रिकेच्या, ब्राझीलच्या, क्यूबाच्या तबकड्या दुकानदार कुठं लावावं कळत नाही म्हणून घेतच नव्हते. तेव्हा ठरलं, एक वेगळा खण करायचा आणि वर पाटी लावायची : वर्ल्ड म्युझिक. हेतू माल खपवायचा होता, वाईट नव्हता. पण झालं काय? गोऱ्यांचं गाणं ते ‘संगीत’, आणि उरलेली सगळी दुनिया एका खणात. मित्रांनो, हा खण आपल्या ओळखीचा आहे. प्रत्येक गावाच्या कुसाबाहेर तो असतो.

2020 साली ग्रॅमीवाल्यांनी बक्षिसाच्या नावातलं ‘वर्ल्ड’ काढून ‘ग्लोबल’ घातलं. त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचं ठरवलं. दोन्ही चांगलंच. पण पाटी बदलली म्हणून वस्ती गावात येत नाही.

आमच्याकडं तर खणसुद्धा नाही. दर 14 एप्रिलला नवी भीमगीतं निघतात. स्टुडिओ भाड्यानं, पैसे वर्गणीचे, गायक दिवसा रिक्षा चालवणारा. त्यांचं परीक्षण कुठल्या मराठी दैनिकात वाचलंत? वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली. 2004 साली दादा गेले. सदाशिवपेठी समीक्षेला त्यांची चाल, त्यांचा शब्द कधी अभ्यासावासा वाटला? भावगीत ते साहित्य, भीमगीत तो प्रचार. ठीक आहे. पण मग आपण तरी काय करतो? आपण पुढे पाठवतो, जयभीम लिहितो, सुटलो. गाणं बरं की वाईट, हे बोलायची आपल्यालाही चोरी.

म्हणून बोलतो. आपली निम्मी गाणी सिनेमाच्या चालीवर बेतलेली आहेत. वर भिंतीएवढे स्पीकर. स्पीकरला माझी हरकत नाही. जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतही स्पीकरच्या भिंतीच होत्या, त्याला साउंड सिस्टीम म्हणत. आधी तेही अमेरिकेच्या तबकड्या वाजवायचे. मग 1950 नंतरच्या दशकात आपल्याच पोरांकडून गाणी करून घ्यायला लागले. त्यातून स्का निघालं आणि 1968 च्या सुमाराला रेगे. स्पीकर तेच होते, चाल त्यांची स्वतःची झाली. आपण पहिल्याच पायरीवर नाचत बसलोय.

आणि इथंच खरं दुखणं आहे. स्वतःची चाल म्हटलं की हलगी आठवते. हलगी म्हटलं की बाप.

बाप हलगीवाला. गावात लगीन, मयत, पोळा, देवीची मिरवणूक, हाक आली की हजर. मोबदला शिळी भाकर. मी सातवीत असताना बापानं हलगी खुंटीला टांगली आणि हाकेला गेला नाही. गावानं शेतावर बोलावणं बंद केलं. बापानं मग कोयता उचलला, मुकादमाची उचल घेतली आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघाला. मला इथं गोदीतही मुकादमच भेटला, ती वेगळी गोष्ट. पण बापाची ती न वाजलेली हलगी माझ्या डोक्यात अजून वाजते.

काळ्यांचा इतिहास बघा. 1739 साली अमेरिकेत साउथ कॅरोलिनातले गुलाम ढोल बडवत उठले. पुढच्याच वर्षी कायदा झाला, गुलामानं ढोल वाजवायचा नाही. ब्राझीलच्या रिओत सांबा गाणाऱ्या जोआंव दा बायानाचं पांदेरो, म्हणजे तिकडची झांजरी लावलेली डफ, पोलिसांनी जप्त केलं होतं. पुढं त्याच रिओतल्या गोदी कामगारांनी 1947 साली इंपेरिओ सेरानो ही सांबा शाळा उभी करण्यात पुढाकार घेतला. माझ्यासारखेच, पाठीवर ओझं वाहणारे.

त्यांचं वाद्य हिसकावून घेतलं. म्हणून ते वाजवणं हाच त्यांचा विद्रोह झाला. आमच्या गळ्यात वाद्य सक्तीनं बांधलं. म्हणून ते खाली ठेवणं हा आमच्या बापांचा विद्रोह होता. हे ज्याला कळलं नाही, त्यानं लोककलेच्या गप्पा मारू नयेत. पुण्यामुंबईच्या महोत्सवात हलगी ऐकून टाळ्या देणाऱ्यांनी आधी सांगावं, ती कुणाच्या हाकेला वाजत होती?

पण खाली ठेवलेलं कायमचं खालीच राहू द्यायचं का? तमिळनाडूत पराई हे असंच मयताच्या कामाला जखडलेलं वाद्य. 2017 साली चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकारानं कास्टलेस कलेक्टिव्ह उभं राहिलं. त्यांनी पराई गिटारीशेजारी मंचावर आणली आणि आरक्षणावर, जातीवर गाणी गायली. वाद्य तेच. हाक बदलली.

माझं म्हणणं एवढंच. बापानं टांगली ते बरोबर. आम्ही काढतोय तेही बरोबर, पण अटी आमच्या. गावकीच्या मानपानाला नाही, पुढाऱ्याच्या स्वागताला नाही, फुकट तर नाहीच. गाणं आमचं, शब्द आमचा, बिदागी ठरवून.

फोनवर बापाला विचारलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “वाजीव की. पर कातडं ढिलं पडलं आसंल, आधी शेकून घे.”

येत्या 14 एप्रिलला आमच्या वस्तीत आम्ही तिघं हलगी घेऊन उभे राहतोय. सिनेमाची एकही चाल नाही. या, ऐका. आणि गाणं पडलं तर जयभीम म्हणून निघून जाऊ नका. पडलं म्हणून तोंडावर सांगा.