इतिहासाच्या पाऊलखुणा : अलमूतचे ग्रंथालय

इराणमध्ये कझवीन शहराच्या ईशान्येला, अलबुर्झ पर्वतातील एका उंच कड्यावर अलमूत किल्ल्याचे अवशेष आहेत. इस्माईली पंथाचे नेते हसन सब्बाह यांनी १०९० मध्ये तो रक्तपाताविना मिळवला. खडकात पाण्याची टाकी खोदली गेली, कोठारे भरली गेली आणि पुढे मोठे ग्रंथालय उभे राहिले. खगोलशास्त्रज्ञ नसीरुद्दीन तूसी यांनीही इथे काही वर्षे काढली.

१२५६ मध्ये मंगोल हुलागूने किल्ला घेतला. त्याच्या सेवेतील इतिहासकार अता मलिक जुवैनी यांनी कुरआनच्या प्रती, निवडक ग्रंथ व खगोलयंत्रे बाहेर काढली. पंथाची पुस्तके मात्र जाळली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. म्हणूनच अलमूतची कहाणी आज बव्हंशी विरोधकांच्या लेखणीतून वाचावी लागते.