घराबाहेर पडलेली आई आणि अदृश्य श्रम : ‘इन्क्रेडिबल्स २’च्या निमित्ताने

ब्रॅड बर्ड यांचा ‘द इन्क्रेडिबल्स’ (२००४) आणि चौदा वर्षांनी आलेला त्याचा उत्तरभाग ‘इन्क्रेडिबल्स २’ (२०१८) या दोन सचेतपटांची तुलना बहुधा एका ठरावीक निष्कर्षापाशी थांबते : पहिल्यात पिता नायक होता, दुसऱ्यात माता नायिका झाली, सबब दुसरा अधिक पुरोगामी. ‘हम हैं लाजवाब’ या पहिल्याच्या हिंदी अवतारात पित्याला शाहरुख खानचा आवाज होता, दुसऱ्याच्या हिंदी रूपात मातेला काजोलचा. म्हणजे बाजारानेही हेच अधोरेखित केले. परंतु नायकपद कोणाकडे गेले एवढ्यावरून संहितेची विचारप्रणाली ठरविणे ही समीक्षा नव्हे, शिरगणती होय.

पहिल्या चित्रपटाचे बळ त्याच्या ऐहिक तपशिलात होते. महापराक्रमी बॉब तेथे विमा कंपनीच्या अरुंद खोलीत बसून राबतो, मालकाच्या नफ्याला बाधा आणतो आणि नोकरी गमावतो. कुटुंब आणि वेतन यांचा ताण हाच त्या कथेचा कणा होता. उत्तरभाग हा ताण केवळ सूचित करतो. मोटेलमधील मुक्काम संपत आला आहे, दोघांपैकी कोणीतरी कमावले पाहिजे, हा प्रश्न सुरुवातीला येतो खरा. पण विन्स्टन डेव्हर हा धनिक आपला आलिशान बंगला देऊ करतो आणि प्रश्न तेथेच विरघळतो. हेलनची निवडही होते ती तिच्या हातून कमी नुकसान होते म्हणून. हा मुक्तीचा नव्हे, जमाखर्चाचा निकष आहे.

यानंतर बॉब घर सांभाळतो. मुलाचे गणित, मुलीचा प्रेमभंग, तान्ह्या जॅक-जॅकच्या अनावर शक्ती यांनी तो थकतो आणि प्रेक्षक हसतो. नीट केलेले संगोपन हेही शौर्यच, हे प्रमाणपत्र एड्ना त्याला देते. तेच काम वर्षानुवर्षे करणाऱ्या हेलनच्या वाट्याला ते कधीही आले नव्हते. पुरुषाने हाती घेताच घरकाम पराक्रम ठरते, हा जुनाच संकेत येथे नव्या वेषात वावरतो.

या संकेताचा पोकळपणा सोलापूरसारख्या शहरातून विशेष स्पष्ट दिसतो. तेथील बिडी कामगार स्त्री पाने आणि तंबाखू घरी आणते, चूल, मूल सांभाळीत बिड्या वळते, नेऊन देते. तपासणीत नापास झालेल्या बिड्यांची मजुरी जाते. तिच्या बाबतीत ‘घर’ आणि ‘काम’ यांमध्ये उंबरठाच नाही. ‘आई बाहेर पडली’ हे वाक्य त्यामुळे तिच्याविषयी काहीच सांगत नाही. तिला घरही कोणा विन्स्टनने भेट दिलेले नाही : सोलापूरजवळ कुंभारी येथे २००६ साली बिडी कामगार स्त्रियांच्या हाती आलेली सुमारे दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत ही संघटित लढ्याची कमाई आहे. घर मिळण्यामागे इतिहास असतो. चित्रपटाने नेमका तोच पुसला आहे.

सर्वांत गंभीर बाब खलपात्राची. कंपनीची यंत्रे निर्माण करणारी बुद्धी एव्हलिनची, व्यासपीठ मात्र भाऊ विन्स्टनचे. पडद्यापुढे निष्क्रिय होऊन त्रात्याची वाट पाहणाऱ्या समाजावरचा एकमेव प्रखर आक्षेपही तिचाच. संहिता त्याला उत्तर देत नाही. ती तो खुनशी स्त्रीच्या तोंडी घालते आणि तिला अटक झाली की आक्षेप निकालात निघाला असे मानते. शेवटी महावीरांवरील बंदी उठते. पण एव्हलिनने विचारलेले अनुत्तरितच राहते.

ही कथा साठच्या दशकाच्या छायेत घडते आणि ती मुलांसाठी आहे, असा बचाव केला जातो. पहिला चित्रपटही त्याच छायेत घडला होता आणि मुलांसाठीच होता. त्याने वेतनाचा प्रश्न टाळला नाही. उणीव काळाची वा प्रकाराची नाही, धारिष्टाची आहे. पहिला भाग संपतो त्याच क्षणी दुसरा सुरू होतो, मुले वाढत नाहीत. चौदा वर्षांनी कथा जणू काळाबाहेर उभी राहते. अशा गोठलेल्या काळाला परिवर्तन म्हणून गौरविणाऱ्या समीक्षेने आधी आपली परिभाषा तपासावी.