अंधाराची पूर्वतयारी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले. काही तासांत वादळ पुढे सरकले. परंतु त्याने पाडलेला अंधार मात्र सरला नाही. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. कौले आणि पत्रे उडालेली घरे, आडव्या झालेल्या नारळी-पोफळीच्या बागा यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. विहीर तुडुंब असूनही घरात पाणी नाही, डब्यात धान्य असूनही पीठ नाही, हातात मोबाइल असूनही मुंबईच्या मुलाला खुशाली कळवता येत नाही, ही अवस्था मात्र छायाचित्रात मावणारी नव्हती.

ऑगस्ट २०१९मध्ये कोल्हापूर-सांगलीने हेच अनुभवले होते. चोहीकडे पुराचे पाणी आणि उपसा केंद्रे बंद पडल्याने नळ कोरडे! जुलै २०२१मध्ये महाड आणि चिपळूणच्या नशिबी तेच आले. आपत्तीचे रूप प्रत्येक वेळी वेगळे, पण तिच्या पाठोपाठ येणारा अंधार एकच. तेव्हा दर वेळी आश्चर्यचकित होण्यापेक्षा हा अंधार गृहीत धरून घराची घडी बसवणे शहाणपणाचे नव्हे काय?

दोन पिढ्यांपूर्वीच्या ग्रामीण घराला हा प्रश्न पडला नसता. विहिरीवर कप्पी आणि दोर होता, पडवीत जाते होते, खुंटीला कंदील होता. वीज आली आणि स्त्रियांच्या पाठीवरचे ओझे उतरले. ते पुन्हा लादावे, असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. चूक वीज घेण्यात झाली नाही. विजेचा पंप बसवताना कप्पी उपटून टाकली आणि विहिरीवर काँक्रीटची झाकणे घातली, तेथे ती झाली. प्रत्येक विजेच्या कामामागे हाताने चालणारी एक वाट शिल्लक ठेवणे, हे या तयारीचे साधे सूत्र आहे.

सर्वांत आधी पाणी. पाच माणसांच्या घरात केवळ पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी ५ लिटर धरले तरी पाच दिवसांना १२५ लिटर लागते. वादळाचा इशारा मिळताच २०० लिटरचे झाकणाचे पिंप भरून ठेवणे, ही पहिली तयारी. विहिरीच्या झाकणाला बादली जाईल एवढे झडपेचे तोंड, दोर आणि कप्पी ही दुसरी. पुराचे पाणी शिरलेली विहीर उपसून शुद्ध केल्याशिवाय वापरू नये आणि तोवर मिळेल ते पाणी उकळूनच प्यावे.

दुसरा प्रश्न उजेडाचा. रेशनवरचे रॉकेल आता जवळजवळ संपल्यात जमा आहे. त्यामुळे कंदिलाचा आधार उरलेला नाही. सौर दिवा हे उत्तर आहे, पण हिशेब करून. १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासाच्या बॅटरीत सुमारे २४० वॅट-तास वीज साठते. त्यातली निम्मीच वापरावी, म्हणजे बॅटरी टिकते. ५ वॅटचे दोन एलईडी दिवे पाच तास लावले की ५० वॅट-तास जातात. उरलेल्यात दोन मोबाइल सहज भरतात. मात्र पावसाळी आभाळात सौर पत्र्याचे उत्पादन फार घटते. म्हणून बॅटरी आधीच भरून ठेवावी आणि ट्रॅक्टरच्या किंवा मोटारसायकलच्या बॅटरीवरून मोबाइल भरण्याची जोडणी जवळ बाळगावी. टॉवर बंद पडला, तर बातमी देणारा ट्रान्झिस्टरच उरतो. पावसाळ्यात अंधारात सापाचे भय मोठे. त्यामुळे एक चांगली विजेरी ही चैन नव्हे.

शिवाय, आठवड्याचे पीठ, भरलेला जादा सिलिंडर किंवा कोरडी लाकडे, नित्याची औषधे आणि एटीएम बंद असताना कामी येईल अशी थोडी रोकड, एवढे तरी ज्येष्ठ महिना लागण्यापूर्वी घरात असावे.

यात सावधगिरीही हवी. तुटलेल्या तारेजवळ, ती निर्जीव वाटली तरी, कोणी जाऊ नये. पाणी शिरलेल्या घराचा मेन स्विच तारतंत्र्याने तपासल्यावाचून सुरू करू नये. जनरेटर किंवा कोळशाची शेगडी बंद खोलीत लावल्यास विषारी वायूने झोपेतच प्राण जातात. चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर घराच्या वायरिंगला जोडला, तर वीज उलटी तारेत जाते आणि गावासाठी खांबावर चढलेल्या वायरमनचाच बळी जाऊ शकतो.

या सर्वांवर एक आक्षेप हमखास येईल. वीज देणे सरकारचे काम आहे. लोकांना अंधाराची सवय लावून यंत्रणेला मोकळे का सोडायचे? आक्षेप बिनबुडाचा नाही. किनारपट्टीवर भूमिगत वाहिन्या, पाणीयोजनांना पर्यायी वीज, उपकेंद्रांची पूररेषेबाहेर उभारणी या मागण्या लावून धरल्याच पाहिजेत. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने शासनावर टाकलेली जबाबदारी कोणाच्या घरातल्या पिंपाने संपत नाही. पण हजारो खांब एकाच रात्री कोसळतात, तेव्हा कितीही कार्यक्षम यंत्रणा प्रत्येक वाडीवर दुसऱ्याच दिवशी पोहोचणार नाही. मधले दिवस घराला आणि गावालाच काढावे लागतात.

आणि ‘गावाला’ हा शब्द येथे महत्त्वाचा. बॅटरी प्रत्येक घराला परवडेलच असे नाही. परंतु वाडीत एक चालू हातपंप, डिझेल इंजिनावर चालणारी एक चक्की आणि मोबाइल भरण्याचे एक सामायिक ठिकाण ठेवणे अशक्य नाही. उत्सवासाठी जनरेटर आणणारी मंडळे गावोगावी आहेत. बचत गट आहेत. एकटी म्हातारी माणसे, बाळंतिणी, इन्सुलिन घेणारे रुग्ण यांची यादी त्यांनी वैशाखातच करावी. उत्सवातील रोषणाईसाठी राबणारे हात अंधारात शेजाऱ्याचे दार ठोठावण्यासाठीही पुढे आले, तर वीज जाईल, पण गाव विझणार नाही.