एक कोयता, दोन माणसे

दसऱ्याचे सोने लुटून झाले की बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या रांगांवर वसलेल्या वाड्या-तांड्यांत एक निराळीच लगबग सुरू होते. बैलांच्या पायांना नवे नाल ठोकले जातात, गाडीच्या आसाला वंगण होते, कोयत्याला धार लागते. घरातील स्त्री ज्वारी-बाजरीची पोती शिवते, वर्षाची मिरची कुटून डब्यात भरते, दोन पातेली, तवा, परात, कळशी आणि गोधड्या यांची एकावर एक रचना करून पाहते. ताडपत्री मागील वर्षी फाटलेली असेल तर ठिगळ लावायचे, की आठवडी बाजारातून नवी घ्यायची, यावर नवरा-बायकोत एखादा दिवस वाद होतो. सहा महिन्यांचा संसार एका गाडीत मावला पाहिजे, हा या तयारीचा नियम आहे. ज्या देशांत निवृत्त दांपत्ये चाकांवरचे घर घेऊन हौसेने देशाटनास निघतात, तेथेही अशीच याद्यांची आणि गाठोड्यांची धांदल उडत असेल. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणीच्या दांपत्याचा प्रवास मात्र हौसेचा नाही. तो ऊस तोडण्याचा आहे.

पूर्वी बैलगाड्यांच्या रांगा आष्टी-कड्याच्या रस्त्याने कित्येक दिवस पश्चिमेकडे चालत असत. आता बहुतेकांचा संसार, अनेकदा बैलांसह, ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत चढतो. वाहन बदलले; प्रवासाचे कारण बदलले नाही.

हे कारण पावसापासून सुरू होते, पण पावसापाशी संपत नाही. पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात खरिपाच्या एका पिकावर वर्ष काढणे डोंगरपट्ट्यातील कोरडवाहू शेतकऱ्यास कधीच जमले नाही. त्याच वेळी शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरात, प्रवरेच्या कालव्यावर विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५०-५१ मध्ये त्याचे पहिले गाळप झाले. पाठोपाठ कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यांत कारखाने वाढले. सहकाराने ऊस उत्पादकास भागधारक केले. ऊस तोडणारा मात्र भागधारक झाला नाही, आणि कारखान्याचा कामगारही झाला नाही. महाराष्ट्राच्या सहकारी चळवळीचा गौरव करताना, आणि तो गौरव रास्तच आहे, ही रिकामी जागा सहसा कोणी दाखवत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून जाणाऱ्यांचा ओघ वाढला आणि पुढे चांगला पाऊस झालेल्या वर्षीही तो आटला नाही.

या व्यवसायाचे मोजमाप ज्या शब्दाने होते तो शब्दच मुळात विचार करण्याजोगा आहे. मुकादम माणसे मोजत नाही, ‘कोयते’ मोजतो. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. नवरा तोडतो, बायको पाचट साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते; आणि त्याआधी पहाटे तीन-चारला उठून तिने भाकरी थापलेल्या असतात. एकटा पुरुष आला तर तो ‘अर्धा कोयता’. व्यवहार होतो तो पुरुषाशी, उचल पडते ती पुरुषाच्या हाती. दुसऱ्या अर्ध्याचे नाव कोणत्याच कागदावर नसते. जोडीलाच किंमत असल्यामुळे लग्नेही लवकर उरकली जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. संपूर्ण राज्याचे प्रमाण २१.९ टक्के होते. या आकड्यामागे गरिबी आहे, रूढी आहे, मुलीच्या सुरक्षिततेची चिंता आहे. परंतु कोयता पुरा करण्याची निकडही आहे.

आता उचलीचा हिशेब पाहू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि टनास पावणेतीनशेच्या आसपास असलेला दर सुमारे ३६६ रुपयांवर गेला. वाढ लहान नाही. (ती मान्य झाली तेव्हा हंगाम सुरू होऊन दोन महिने लोटले होते, हे जाता जाता नोंदविले पाहिजे.) एका जोडप्याने एक लाख रुपये उचल घेतली आणि दिवसाकाठी सरासरी दोन टन ऊस तोडला असे धरू. ती उचल फिटण्यास २७३ टन, म्हणजे सुमारे १३७ दिवसांचे अखंड काम हवे. हंगाम शंभर दिवसांतच आटोपला तर तोड होते दोनशे टनांची आणि मजुरी ७३,२०० रुपयांची. २६,८०० रुपये अंगावर राहतात. यात आठवड्याच्या किराण्यासाठी घेतलेली खर्ची धरलेली नाही. आजारपणामुळे किंवा बाळंतपणामुळे पडलेल्या खाड्यांची कपातही धरलेली नाही. गुरांसाठी वाढे विकून हाती येणारे चार पैसे आणि गाडीवाल्यास मिळणारी वाहतूक वेगळी. पण बैलजोडीचे कर्ज आणि चारा तोही खर्च आहेच.

म्हणजे मजुरीचा दर वाढूनही हंगाम आखडला तर जोडपे कर्जातच परत येते. ही केवळ कागदावरची शक्यता नव्हे. २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबर २०२४ रोजी सुरू झाला आणि ऊस कमी असल्याने राज्यातील बहुसंख्य कारखान्यांची धुराडी मार्चअखेरपर्यंत थंडावली. कारखान्यांची गाळपक्षमता वाढत जाते तसतसा हंगाम लहान होतो. उद्योगाच्या दृष्टीने जी कार्यक्षमता, ती मजुराच्या दृष्टीने बुडालेले दिवस. त्यात केंद्राच्या साहाय्याने राज्यात ९०० तोडणीयंत्रांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान देण्याची योजना २०२३ मध्ये आली. माणूस या अमानुष श्रमातून सुटत असेल तर यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. पण सुटून तो कोठे जाणार, याची तरतूद अनुदानाच्या त्या योजनेत नाही.

बाकी राहिलेली रक्कम पुढील वर्षीच्या उचलीत मिळविली जाते आणि ती फेडण्यासाठी त्याच मुकादमाकडे जाणे क्रमप्राप्त होते. अर्थशास्त्रात याला परस्पर बांधलेल्या बाजारांचा व्यवहार म्हणतात: श्रमाचा बाजार आणि कर्जाचा बाजार एकाच माणसाच्या हाती असतो, म्हणून दोन्हीकडे घासाघीस करण्याची शक्ती मजुराजवळ उरत नाही. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. त्या कायद्याची व्याख्या वाचून या व्यवहाराकडे पाहिले तर साम्य डोळ्यांत भरते. मुकादमाला खलनायक ठरविणे सोपे आहे, आणि काही मुकादमांनी माणसे डांबून ठेवल्याच्या तक्रारी पोलिसांत गेल्या आहेत हेही खरे. परंतु मुकादमही बहुधा त्याच गावचा, कधी काळचा तोडकरीच असतो. त्याला कारखान्याकडून वा वाहतूकदाराकडून आगाऊ रक्कम मिळते, मजुरीवर वीस टक्क्यांच्या घरात कमिशन मिळते. टोळी पळाली तर बुडते तेही त्याचेच. ही सारी जोखीम कारखान्याने त्याच्या खांद्यावर ठेवलेली आहे, कारण एकदा मजूर मुकादमाचा म्हटला की तो कारखान्याचा राहत नाही. भविष्यनिर्वाह निधी, अपघाताची भरपाई, बाळंतपणाची रजा हे प्रश्नच मग उपस्थित होत नाहीत.

दुसऱ्या टोकाला ऊस उत्पादक आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्या बिलातून कापला जातो. २०२५-२६ साठी उसाचा रास्त व किफायतशीर दर टनाला ३,५५० रुपये ठरला. तोडणाऱ्याची मजुरी त्याच्या दहाव्या हिश्शाहून किंचित अधिक भरते. मजुरी वाढली की उत्पादक अस्वस्थ होतो आणि शेतकरी विरुद्ध तोडकरी असा सामना रंगतो. दोघेही शेतकरीच, एकाच्या रानात कालवा पोहोचला, दुसऱ्याच्या रानात नाही, एवढाच फरक.

खाड्याच्या धाकाने स्त्रीच्या शरीरावर काय परिणाम होतो, हे २०१९ मध्ये राज्यासमोर आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. सहा स्त्रियांमागे एक! फडात ना शौचालय, ना आडोसा, ना विश्रांती; पोटात दुखते म्हणून खाडा पडू देणे परवडत नाही; आणि खाजगी डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवितो. त्या शस्त्रक्रियेचा खर्चही अनेकदा पुढच्या उचलीतूनच भागतो.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. तोडकऱ्यांच्या संपांचे नेतृत्व ज्यांनी केले त्या गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ झाले; गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्याने दहा रुपये द्यावेत आणि तेवढीच भर सरकारने घालावी, असे ठरले. संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत मुलामुलींसाठी ८२ वसतिगृहांची योजना आली. दसऱ्याला, निघण्याच्या तोंडावर, पूर्वी भगवानगडावर आणि २०१७ पासून सावरगाव घाटात मोठा मेळावा भरतो. पुढाऱ्यांची भाषणे होतात. मात्र गाडीत सामान भरणाऱ्या आईपुढचा प्रश्न भाषणांनी सुटत नाही. थोरली नववीत आहे, तिला म्हाताऱ्या आजीपाशी ठेवायचे की सोबत न्यायचे? धाकटा सोबत नेला तर त्याची शाळा बुडते. थोरलीला नेले तर तिचीही बुडते, आणि धाकट्याला सांभाळायला कोणीतरी हवेच असते. गावच्या शाळेतील हंगामी वसतिगृह दिवाळीआधी सुरू झाले तर ही मुले राहतात. ते डिसेंबरात सुरू झाले तर तोवर मुले इंदापूर-बारामतीच्या फडांत पोहोचलेली असतात, याचा अनुभव डोंगरपट्ट्यातील कोणीही शिक्षक सांगेल.

उपाय फार गूढ नाहीत. उचलीचा लेखी करार नवरा आणि बायको या दोघांच्या नावे व्हावा. मजुरी कारखान्याने प्रत्येकाच्या बँकखात्यात स्वतंत्र जमा करावी आणि वजनकाट्याची पावती फडावरच मिळावी. हंगाम आखडला तर बुडालेल्या दिवसांची काही भरपाई महामंडळाच्या निधीतून व्हावी. ग्रामसेवकाने द्यावयाची ओळखपत्रे श्रावण-भाद्रपदातच वाटली जावीत, कारण दिवाळीनंतर सर्वेक्षणाचा कागद घेऊन जो या वाड्यांवर जाईल, त्याला कडीला कुलूप आणि ओट्यावर बसलेली म्हातारी माणसे यांखेरीज काही सापडणार नाही.